आयसीयूमध्ये नर्सिंग असिस्टंटला नेमकं काय काम असतं? वॉर्डपेक्षा अवघड असतं का?

अवघड म्हणण्यापेक्षा वेगळं. पेशंट कमी, पण प्रत्येकाला नळ्याच नळ्या. वॉर्डात कूस बदलणं एकट्याने जमून जातं. इथे व्हेंटिलेटरवरच्या माणसाला वळवायचं तर दोघं-तिघं लागतात, आणि त्यातला एक जण फक्त श्वासनलिकेतली नळी धरून उभा असतो. ती निसटली तर जिवावर बेतू शकतं.

बहुतेक वेळ याच कामात जातो. साधारण दर २ तासांनी कूस बदलायची, आणि त्याच वेळी माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, मास्कच्या पट्ट्याखालचे कान नीट बघायचे. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही तो लालपणा जात नसेल, तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. लगेच सिस्टरला सांगायचं. तिथे चोळायचं मात्र नाही. जुनी माणसं हमखास चोळतात.

बाकी तोंडाची स्वच्छता, अंग पुसणं, लघवीचं माप. पिशवीत तासाभरात नेहमीपेक्षा कमी लघवी दिसली तर नुसतं लिहून गप्प बसू नका, बोला. स्पंज करताना पलंग सपाट केला असेल तर नंतर डोक्याकडची बाजू पुन्हा ३० ते ४५ अंश वर घ्या, नाहीतर पोटातलं फुप्फुसात जायची भीती असते.

औषधं, ती शिरेतून सोडणारे पंप, व्हेंटिलेटरची बटणं हे आपलं काम नाही. अलार्म वाजला तर आधी पेशंटकडे बघा, सिस्टरला हाक मारा, आवाज बंद करू नका.

आणि बेशुद्ध पेशंटशीही बोलत चला. त्याला ऐकू येत असू शकतं.