बोटीमागे ओढताना ट्यूब पाण्यात बुडी मारते, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकजवळच्या धरणाच्या बॅकवॉटरला मित्राच्या आऊटबोर्ड (मागे बाहेरून इंजिन लावलेल्या) बोटीमागे दोन सीटची हवेची ट्यूब बांधून पोरांना फिरवता, आणि बोटीने जरा वेग घेतला की ट्यूबचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली जातं, पाणी वरून येतं, पोरांच्या नाकातोंडात जातं. मालवणला बंपर राईड (समुद्रात बोटीमागे अशीच ट्यूब ओढतात ती) केली तेव्हा असं झालं नाही, तर इथलं पाणी गोडं आहे म्हणून ट्यूब बुडते का, असं विचारलंय. मी मालवणला काही सीझन बंपर राईडच्या बोटीवर काम केलंय, आता नाशिकलाच असतो आणि इकडे धरणावरही ट्यूब ओढतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

गोड्या पाण्याचा दोष नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, बस्स, म्हणजे १०० किलो वजन तरंगायला समुद्रात साडेसत्त्याण्णव लिटर पाणी बाजूला सारावं लागतं आणि धरणात १०० लिटर. एवढ्याने काही होत नाही. तुमची ट्यूब गोल असेल, बाहेरून साधारण १.४ मीटर आणि जाडी ४० सेंटीमीटर, तर तिच्यात जवळपास ३९० लिटर हवा बसते, म्हणजे पूर्ण पाण्याखाली दाबायची तर ३९० किलोच्या आसपास वजन लागेल. दोन पोरं मिळून ६०-७० किलो. म्हणजे ट्यूब वजनाने बुडत नाहीये, तिला दोर ओढून खाली घालतोय. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप समजतं, कारण मग उपाय हवा भरण्यापुरता राहत नाही, ओढ कुठून कुठे जाते ते बघावं लागतं.

आता असं बघा. दोर ट्यूबला पुढून ओढतो आणि पाणी तिला खालून मागे धरतं. ओढ वरच्या बाजूला आणि अडवणूक खालच्या बाजूला, मग ट्यूब पुढे कलणारच. म्हणून दोर जिथे अडकवायचा तो टो पॉइंट ट्यूबच्या नाकाला जितका खाली तितकं चांगलं. विकत मिळणाऱ्या ट्यूबवर तो बहुतेक बरोबर जागी शिवलेला असतो, पण आपल्याकडे ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन तिला दोर गुंडाळून वरच्या अंगाला गाठ मारतात, ती गाठ चुकीच्या जागी जाते आणि वर माणूस भोकात बसला की त्याचं बूड आणि पाय पाण्यात लटकतात, म्हणजे अडवणूक आणखी खाली गेली. ती ट्यूब तर मुंडी घालणारच. त्यात व्हॉल्व्हचा धातूचा खुंटा अंगाला लागतो तो वेगळा. पोरांसाठी खाली कापडाचा तळ असलेलीच ट्यूब घ्या, ह्यात काटकसर करू नका.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि माझ्या मते दहातल्या आठ वेळा खरं कारण हेच असतं. पोरं पालथी झोपतात, हँडल पुढे असतात म्हणून पुढे सरकतात, आणि घाबरली की अजून पुढे ओढून घेतात स्वतःला. छाती नाकावर आली की संपलं. बैलगाडीत माल पुढे भरला की जू बैलाच्या मानेवर दाबतं आणि मागे भरला की गाडी उलळते, अगदी तसंच आहे, ट्यूबला थोडं मागे वजन लागतं पण फार मागे नाही, नाहीतर वेगात नाकाखाली वारा शिरून ट्यूब मागे पलटते, आणि हलकी पोरं असली की हे पटकन होतं. निघताना पोरांना सांगा की पोट ट्यूबच्या मधोमध आणि पाय मागच्या काठावरून बाहेर. बोट वेगात आली, ट्यूब पाण्यावर चढून घसरायला लागली, की मग पोरं थोडी पुढे आली तरी चालतं. एक मोठा आणि एक लहान असेल तर मोठ्याला जरा मागे ठेवा, आणि दोघांना शेजारी शेजारी असं ठेवा की ट्यूब एका बाजूला कलणार नाही.

मग हवा. ट्यूब अंगठ्याने दाबून बघून भरली असं लोक म्हणतात, ते पुरत नाही. वर माणूस उभा राहिला की पायाखाली अगदी थोडीच दबली पाहिजे, मधे खड्डा पडून दुमडता कामा नये. ढिली ट्यूब ओढल्यावर नाकाशी दुमडते आणि ती घडीच पाणी वर घेते. आणि इकडे उन्हाळ्यात एक गोष्ट होते जी कुणी लक्षात घेत नाही, काठावर तापलेल्या खडकावर ट्यूब भरली की आतली हवा तापलेली असते, पाण्यात टाकली की ती थंड होऊन आकसते, आणि ह्या ट्यूबमधला दाब मुळातच कमी असतो त्यामुळे एवढा फरकसुद्धा तिला ढिली करायला पुरतो. म्हणून पाण्यात टाकून दहा मिनिटांनी परत हवा मारा. उलट राईड संपल्यावर तीच टच्च भरलेली ट्यूब उन्हात काठावर सोडू नका, शिवण उसवते, थोडी हवा काढूनच ठेवा.

आता दोर, ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नाशिकात बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉनचा दोर घेतात. नायलॉन पाण्यापेक्षा जड, तो बुडतो. बोट थांबली की दोर खाली जातो, परत ओढ लागली की तो पाण्यातून वर येताना ट्यूबचं नाक आधी खाली खेचतो, आणि इंजिनच्या पंख्यात गुंतायचा धोकाही तोच. शिवाय नायलॉन ताणतो, आणि ताणलेला दोर तुटला किंवा हुक निसटला तर चाबकासारखा बोटीत येतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर घ्या, तो तरंगतो. उन्हाने तो कुजतो मात्र, सावलीत ठेवा आणि तंतू फुसके दिसले की फेकून द्या, मग कितीही महाग असो. लांबी १५ ते २० मीटर, ह्यापेक्षा आखूड केला तर ट्यूब बोटीमागच्या फेसात आणि उसळत्या पाण्यात अडकते आणि नाकावर सतत पाणी येतं, फार लांब केला तर वळणावर ट्यूब कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. ताकदीचं बोलायचं तर अमेरिकेतल्या वॉटरस्पोर्ट्स उद्योगाच्या संघटनेने एका माणसाच्या ट्यूबला १५०० पाउंड, दोन माणसांना २३७५ आणि चार माणसांना ४१०० पाउंड तुटण्याची ताकद असलेला दोर सांगितलाय, म्हणजे तुमच्या दोन सीटला साधारण १०७५ किलो. आकडा मोठा वाटेल पण नाक पाण्यात घुसलेली ट्यूब ओढताना जो झटका बसतो त्यासाठीच तो आहे.

बोटीवर दोर कुठे बांधता तेही बघा. रेलिंगला किंवा एका कोपऱ्यातल्या खुंट्याला बांधू नका, मागच्या फळीच्या दोन्ही बाजूच्या कड्यांतून वाय आकाराचा दोर घ्या म्हणजे ओढ मधोमध राहते आणि दोर इंजिनच्या वरून जातो. बरेच जण म्हणतात की बोटीवर उंच खांब लावून दोर वर बांधला की ट्यूबचं नाक उचललं जाईल. गणित करून बघा, १ मीटर उंची आणि १८ मीटर दोर, कोन जेमतेम तीन अंशांचा होतो. फायदा थोडाच, आणि ट्यूबचा झटका इतका असतो की वॉटर स्कीसाठी बोटीवर केलेला उंच टॉवर बऱ्याच कंपन्या ट्यूबला वापरू नका म्हणतात. त्यापेक्षा ट्यूबच्या जरा पुढे दोराला लावायचा हवेचा गोळा मिळतो, तो दोर पाण्याच्या वर उचलून धरतो आणि अंगावर येणारं पाणीही बरंच कमी होतं. पोरांसाठी मला तो खरंच आवडतो.

आणि आता चालवणाऱ्याबद्दल, कारण मालवणला आणि तुमच्याकडे खरा फरक इथे आहे. तिकडचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, दिवसभर हेच करतो, त्याचा हात थ्रॉटलवर (वेग कमीजास्त करायच्या दांड्यावर) बसलेला असतो. सुरुवातीला इंजिन हळू, दोर सरळ होऊन ताणेपर्यंत फक्त रांगत जायचं, पोरांनी अंगठा वर केला की मगच वेग, आणि तोही एका दमात झटका न देता पण मधे रेंगाळतही नाही. सगळ्यात वाईट वेग म्हणजे तो मधला, ज्यात बोटीचं तोंड वर आणि ढुंगण खाली असतं, ट्यूब पाणी नांगरत असते, तिथेच ती बुडी मारते. तो टप्पा ओलांडून ट्यूब पाण्यावर चढली की नाक आपोआप सुटतं. तुमच्या बोटीचं इंजिन लहान असेल आणि बोटीत पाच-सहा माणसं बसवली असतील तर बोट त्या टप्प्यातून कधी बाहेरच येत नाही, मग ट्यूबला कितीही नावं ठेवून उपयोग नाही, आधी बोटीतली माणसं कमी करा. पण निदान दोन जण राहिलेच पाहिजेत, एक चालवायला आणि एक फक्त मागे बघायला. वेगाची मर्यादा ट्यूबवरच छापलेली असते, बहुतेक ट्यूबवर मोठ्यांना तासाला २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर आणि लहानांना १५ मैल म्हणजे २४. मोबाईलच्या जीपीएसवर बघा, आणि पोरांना त्याच्याही बरंच खाली ठेवा, मजा तेवढीच येते.

वळणावर बुडी का मारते तेही सांगतो. बोट वळताना ट्यूब आतल्या बाजूला राहिली की तिचा वेग पडतो, ती पाण्यात बसते आणि दोर ढिला पडतो. तेवढ्यात बोट सरळ झाली की ढिला दोर एकदम ताणतो आणि बसलेल्या ट्यूबला झटका, नाक थेट खाली. म्हणून वळण मोठं घ्या, आणि दोर ढिला दिसला की वेग वाढवू नका, उलट कमी करून दोर हळूच ताणू द्या. नाक पाण्यात गेलंच तर ताबडतोब थ्रॉटल सोडा, ओढून बाहेर येईल असं वाटतं पण ती जितकी ओढाल तितकी खोल जाते. पोरांना सांगून ठेवा की नाक खाली गेलं की हँडल सोडून द्यायचं, लाईफ जॅकेट आहे. हात किंवा पाय दोरात कधी अडकवायचा नाही. आणि पडलेल्या पोराजवळ बोट नेली की इंजिन बंद, न्यूट्रल नाही, बंद.

आपल्याकडच्या धरणांचं एक वेगळं आहे. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की बुडालेली खोडं, बांध, खडक वर येतात आणि मासेमारीच्या जाळ्यांच्या काठ्या असतात, त्या पाण्यात तर ट्यूब ओढूच नका. पाऊस संपल्यावर धरण भरलेलं असतं तेव्हा सकाळी या, दुपारनंतर वारा सुटला की लाटांवर नाक आपटतं. धरणं जलसंपदा विभागाची आहेत आणि गंगापूर धरणाचं पाणी तर आपलं शहर पितं, त्यामुळे परवानगी आणि बोटीची नोंदणी आहे का हे मित्राला आधी विचारा.

तुम्ही आधी एवढं करा, पाण्यात टाकून परत हवा, पोरं मागे, आणि दोर ताणल्यावरच वेग. तरीही नाक गेलं तर टो पॉइंटचा आणि बोटीमागे दोर जिथे बांधलाय त्याचा असे दोन फोटो कमेंटमध्ये टाका, बोटीचं इंजिन किती एचपीचं आहे तेही लिहा, बघून सांगतो.