आई गेलेल्या बाबांशी बोलते, तिला वेड लागलंय का?

हा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी माझ्याकडं येतो. पोरं म्हणतात मोबाईलवर बघितलं तर स्किझोफ्रेनिया आला, घरातली मोठी माणसं म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, देवऋष्याला दाखवा. म्हणून ही केस लिहिते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि पाच-सहा भेटी थोडक्यात बसवल्यात.

सोलापूरच्या पूर्व भागातलं पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब. वडील पॉवरलूमवर होते, चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले. तिशीतला मुलगा आईला घेऊन आला. "मॅडम, बाबा रात्री अकराला कारखान्यातून यायचे. आई अजून त्या टायमाला दाराकडं बघून बोलत बसते, चहा पण ठेवते."

मी त्याला बाहेर बसवलं. आई विड्या वळणारी, बोलताना पदराचं टोक दोन बोटांत धरून विडीसारखंच वळत होती.

"अम्मा, ते दिसतात का?"

"नाही. चपलेचा आवाज येतो, मग खोकला."

"काय म्हणतात?"

"ते कुठं बोलतात, मीच बोलते. पोरीचं लग्न ठरवायचंय, कुणाला विचारू?"

"ते घरी आलेत असं वाटतं?"

तिनं हात पुढं केले, मोकळी मनगटं. "बांगड्या उतरवल्या ना मॅडम. गेले ते. मला माहितीये."

मी विचारलं, याला तुमच्यात काय म्हणता? ती म्हणाली, दिगुलु. तेलुगू शब्द आहे, आपला घोर आणि हुरहुर दोन्ही त्यात आलं. तिनं आपल्या त्रासाला स्वतःच नाव दिलं होतं आणि माझ्या मते ते बरोबर होतं. मी इतक्या वर्षांत हेच शिकलेय की आजाराचं नाव शोधायच्या आधी माणूस स्वतः त्याला काय म्हणतो ते ऐकायचं.

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये डेवी रीस नावाच्या डॉक्टरनं २९३ विधवा-विधुरांना हेच विचारलं होतं, १९७१ साली ते छापून आलं. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा असा काही ना काही अनुभव आला होता, बऱ्याच जणांना तो जवळ आहे असं जाणवलं होतं, काहींनी आवाज ऐकला होता, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. म्हणजे कुठं वेल्स आणि कुठं आपला पूर्व भाग! मी काळजी केली असती जर आवाज हुकूम सोडत असता, शेजारीण जेवणात काही घालते असं वाटत असतं, किंवा नवरा गेलाय हेच तिला पटत नसतं. ही जेवत होती, चार बायकांत बसत होती, हजाराच्या जागी सातशे विड्या का होईना वळत होती. दुःख लांबलं तर तोही आजार धरतात, पण आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्यासाठी कमीत कमी सहा महिने व्हावे लागतात, अमेरिकन यादीत वर्ष, आणि त्या समाजात शोक कसा करतात ते बघूनच ठरवा असं दोन्हीकडं म्हटलंय.

चौथ्या भेटीला मुलगा एकटाच आला, आईचं विचारायला. त्याच्या बेल्टला खिळ्यानं पाडलेलं नवीन भोक दिसलं मला.

"तू कसा आहेस?"

"मला काय झालंय, टेन्शन सगळ्यांनाच असतं."

रोज पहाटे तीनला जाग, दोन महिने. जेवण जात नाही, क्रिकेट बघणं सुटलं, बायकोवर चिडचिड. मग हळूच म्हणाला, "मी नसलो तरी चालेल घरचं."

सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? तो रडायलाच लागला. असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट ओझं उतरतं, हे मी ठामपणे सांगते. त्याच दिवशी सायकियाट्रिस्टची वेळ घेतली, रात्री भावाला सोबत झोपायला सांगितलं आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर फोनमध्ये सेव्ह करून दिला.

आईचं वागणं जगावेगळं वाटलं म्हणून सगळं घर घाबरलं आणि हा रोज कामावर जात होता म्हणून कुणी वळून बघितलं नाही. मीसुद्धा पहिल्या तीन भेटींत त्याला बाहेर बाकावर बसवला होता, याची मला अजून चुटपुट आहे. दोन आठवड्यांच्या वर रोज असंच राहिलं, झोप-भूक-काम सगळ्यावर आलं तर त्याला टेन्शन म्हणून सोडू नका, दाखवा.

मुलाचं औषध सुरू होऊन महिना झाला तेव्हा आई भेटायला आली. म्हणाली, काल रात्री यांना सांगितलं, आता हळू बोला, पोरगं झोपलंय.