सरकारी कंपनीचे शेअर लागताच विकावेत का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. माझ्या मेहुण्यांना 2019 मध्ये आयआरसीटीसीचे 40 शेअर लागले होते आणि बाजारात नोंदणी झाली त्याच सकाळी विकून त्यांनी दुप्पट पैसे केले. ते पाहून मी 2022 मध्ये पॉलिसीधारक म्हणून एलआयसीचे 15 शेअर घेतले. पहिल्याच दिवशी भाव खाली निघाला म्हणून विकले नाहीत, ते अजून माझ्याकडेच आहेत. पुढची सरकारी कंपनी बाजारात येईल तेव्हा माझ्या, पत्नीच्या, नोकरी करणाऱ्या मुलाच्या आणि 81 वर्षांच्या आईच्या नावाने चार अर्ज करावेत आणि शेअर मिळताच विकून मोकळे व्हावे, असा विचार आहे. यात कायद्याने किंवा अन्यथा काही गैर आहे का?

उत्तर : शेअर खात्यात जमा होताच विकणे बेकायदा नाही आणि त्यात संकोच वाटण्यासारखेही काही नाही. मोठ्या संस्थाही तेच करतात. ब्रिटनच्या सरकारने 2013 मध्ये रॉयल मेल ही टपाल कंपनी 330 पेन्स भावाने विकली, तेव्हा दीर्घकाळ टिकून राहतील या अपेक्षेने 16 निवडक गुंतवणूकदारांना प्राधान्याने शेअर देण्यात आले होते. पहिल्या दिवशी भाव 455 पेन्सवर बंद झाला आणि त्या 16 जणांना दिलेल्या शेअरपैकी जवळजवळ निम्मे काही आठवड्यांतच विकले गेल्याचे पुढे तिथल्या लेखापरीक्षकांनी नोंदवले. तेव्हा चाळीस किंवा पंधरा शेअरच्या धन्याने लगेच विकण्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. माझा आक्षेप आपल्या बेतातील दुसऱ्याच एका गोष्टीला आहे, पण त्याआधी आपण दिलेली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू.

आयआरसीटीसीचा किंमतपट्टा 315 ते 320 रुपयांचा होता आणि किरकोळ गुंतवणूकदारांना 10 रुपयांची सवलत होती, म्हणजे मेहुण्यांचे 12,400 रुपये गुंतले. 14 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई शेअर बाजारात भाव 644 ला उघडला आणि त्या भावाने 40 शेअरचे 25,760 रुपये झाले. मात्र सरकार या कंपनीचे अवघे 12.6 टक्के भाग विकत होते, रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांत तिला स्पर्धक नव्हता, भाव हात राखून ठरवला होता आणि मागणी पुरवठ्याच्या सुमारे 112 पट आली. अशा वेळी अर्ज केलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच मिळत नाही. किरकोळ गटात मागणी फार झाली की सोडतीत नाव निघेल त्याला एक लॉट, म्हणजे ठरलेल्या संख्येचा किमान गठ्ठा, मिळतो आणि बाकीच्यांचे अडकवलेले पैसे मोकळे होतात. मेहुण्यांचे नाव सोडतीत निघाले, हा त्या नफ्यातला सर्वांत मोठा भाग होता.

एलआयसीच्या बाबतीत यातले जवळजवळ सगळे उलटे होते. सरकारने 3.5 टक्केच भाग विकले, पण कंपनीच एवढी अवाढव्य की त्याचे सुमारे 20,500 कोटी रुपये झाले आणि तोवर देशात एवढी मोठी प्रारंभिक भागविक्री (आयपीओ) झालेली नव्हती. विक्री 4 मे 2022 रोजी उघडली आणि त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 0.40 टक्क्यांनी वाढवला. मागणी तिपटीच्या आतच राहिली. 949 रुपयांच्या विक्रीभावावर 60 रुपयांची सवलत धरून आपल्याला शेअर 889 ला पडला आणि 17 मे रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात तो 872 ला उघडला, म्हणजे 15 शेअरमागे 255 रुपयांचा तोटा झाला.

आपण झटपट विकण्यासाठी शेअर घेतले होते. तोटा दिसताच ते ‘दीर्घ मुदतीचे’ झाले, आणि माझा आक्षेप आहे तो इथे. मार्च 2023 मध्ये तो भाव 530 पर्यंत उतरला, तेव्हा 255 रुपये सोसायला तयार नसलेल्या माणसाला साडेपाच हजारांच्या आसपासची घट पाहावी लागली. 2024 च्या आरंभी भाव 949 च्या वर गेला हे खरे, पण ती दीड-दोन वर्षे आपण ठरवून थांबला नव्हता, केवळ अडकून पडला होता. ज्याला पहिल्या दिवशी विकायचे आहे त्याने भाव वर निघो वा खाली, त्या दिवशीच विकावे. हे अर्ज भरण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे आणि ते पाळता येणार नसेल तर अर्जच करू नये. सकाळी नऊ वाजता सुरू होणाऱ्या पूर्वसत्रात विक्रीची ऑर्डर टाकली की ठरलेल्या प्रारंभिक भावाने ती पुरी होण्याची शक्यता चांगली असते. दहा वाजता नियमित व्यवहार सुरू झाल्यावर ‘अजून थोडा वर जाईल’ म्हणून वाट पाहणे हा वेगळा खेळ आहे आणि तो आपण खेळायला निघाला नव्हता.

आता अशा विक्रीला सर्रास लावल्या जाणाऱ्या ‘खासगीकरण’ या शब्दाबद्दल, कारण शेअर ठेवायचे की विकायचे हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे. आपण घेतलेली दोन्ही नावे निर्गुंतवणुकीची आहेत, खासगीकरणाची नाहीत, कारण थोडे भाग विकले गेले तरी मालकी आणि कारभार सरकारकडेच राहिला. मारुतीचे मात्र खरे खासगीकरण झाले. 2002 मध्ये नियंत्रण सुझुकीकडे गेले आणि 2003 मध्ये सरकारने आपल्या हिश्शातील शेअर 125 रुपयांनी लोकांना विकले. पहिल्याच दिवशी भाव 150 च्या वर गेला आणि तेवढ्यावर समाधान मानून अनेकांनी विकले. तोच शेअर 2023 मध्ये 10,000 च्या पुढे गेला. याउलट, मालक सरकारच असेल तर काय होऊ शकते ते आयआरसीटीसीच्या भागधारकांनी ऑक्टोबर 2021 मध्ये अनुभवले. तिकिटांवरील सुविधा शुल्काचा निम्मा वाटा रेल्वे मंत्रालय घेणार, असे कंपनीने 28 तारखेला संध्याकाळी कळवले, दुसऱ्या दिवशी सकाळी भाव कोसळला आणि त्याच दिवशी सरकारने निर्णय मागे घेतल्यावर बराचसा सावरला. म्हणून माहितीपत्रकातील नफ्याचे आकडे पाहण्याआधी, विक्रीनंतर किती टक्के भाग सरकारकडे उरणार आहे आणि कंपनीचे दर ठरवण्याचा अधिकार कोणाचा आहे, एवढे तरी वाचावे.

चार अर्जांविषयी. एका पॅनवर एकच अर्ज चालतो. एकाच माणसाचे दोन अर्ज सापडले तर ते बाद होतात. ब्रिटिश टेलिकॉमच्या 1984 च्या विक्रीत स्वतःच्या नावाची वेगवेगळी रूपे वापरून अनेक अर्ज करणाऱ्या एका खासदाराला 1987 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले होते. आपल्याकडेही 2005 च्या सुमारास हजारो बनावट नावांची डिमॅट खाती काढून किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा लुबाडल्याचे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने उघडकीस आणले. आपल्या घरातील चौघे मात्र खरीखुरी माणसे आहेत आणि प्रत्येकाचा पॅन, डिमॅट खाते व बँक खाते वेगळे असेल तर चार अर्ज रीतसर आहेत. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातूनच अडकवले गेले पाहिजेत आणि यूपीआयची संमतीही ज्याने त्याने आपल्या फोनवर द्यायची आहे. आईंना ते कशासाठी आहे हे समजावून, त्यांनी होकार दिला तरच करावे. त्यांच्या हातून फोन घेऊन आपणच बोट टेकवणे योग्य नाही.

करही नावानुसार बदलतो. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 20 टक्के कर आहे, पूर्वी तो 15 टक्के होता. आजच्या दराने मेहुण्यांच्या 13,360 रुपयांच्या नफ्यावर 2,672 रुपये आणि वर उपकर गेला असता. पत्नीच्या अर्जासाठी आपण तिला पैसे भेट दिले तर होणारा नफा आपल्याच उत्पन्नात धरला जातो. आई आणि सज्ञान मुलाच्या बाबतीत तसे होत नाही, आणि आईंना दुसरे उत्पन्न नसेल तर मूळ करमुक्त मर्यादेत हा नफा सहज सामावतो. पण तेव्हा ते पैसे खरोखर त्यांचेच असतात, त्यांच्या खात्यात राहतात आणि ते कशावर खर्च करायचे हे त्यांनीच ठरवायचे असते.

राहिले एलआयसीचे 15 शेअर. घेतलेली किंमत विसरा आणि आज हातात तेवढी रोकड असती तर याच भावाने हेच शेअर घेतले असते का, याचे प्रामाणिक उत्तर काढा. ‘नाही’ असेल तर विका. ते वर्षापेक्षा अधिक काळ आपल्याकडे असल्यामुळे नफा झालाच तर तो दीर्घ मुदतीचा ठरेल आणि वर्षाला एकूण सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही.

प्रश्न : ग्रे मार्केटमधील अधिमूल्यावरून पहिल्या दिवसाचा भाव कळतो का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : नोंदणीपूर्वी शेअरचे अनौपचारिक सौदे होतात ते ग्रे मार्केट आणि विक्रीभावाच्या वर तिथे बोलली जाणारी रक्कम म्हणजे अधिमूल्य. तो आकडा कोणत्याही मान्यताप्राप्त बाजारातून येत नाही, सेबीची त्यावर देखरेख नाही आणि तो किती सौद्यांवरून काढला हे सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. एलआयसीच्या वेळी सुरुवातीला चांगले अधिमूल्य बोलले जात होते आणि नोंदणी जवळ येईपर्यंत ते नाहीसे झाले, पण तोवर अर्जांची मुदत संपून गेली होती. अर्ज करायचा की नाही हे त्यावर ठरवू नये. शेवटच्या दिवशी दुपारी संस्थात्मक गटाचा (म्युच्युअल फंडांसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांचा) भरणा किती झाला हे दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मोफत दिसते. पहिल्या दिवसाच्या भावाची हमी तोही देत नाही, पण तो निदान खऱ्या अर्जांचा आकडा असतो.