आटतंय ते दूध की आई?

प्रश्न : माझ्या सुनेचं बाळ चार महिन्यांचं आहे. ती भातलावणीला जाते. आषाढात आमच्या घरी तांदूळ पुरवून पुरवून खावा लागतो. महिन्याभरात सून अगदी वाळली. दूध कमी पडेल अशी भीती वाटते. डब्याचं दूध सुरू करू का?
— एक सासू, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : काकू, बाळ दिवसाला सहा-सात लंगोट भिजवतं का? अंगणवाडीत वजन चढतंय का? दोन्हीला ‘हो’ असेल तर दूध पुरतंय, डबा आणू नका. पावसाळ्यातल्या पाण्यात कालवलेलं ते दूध बाळाला जुलाब लावेल. आटतेय ती तुमची सून.

रोज पाऊण लिटर दूध म्हणजे सुमारे 500 उष्मांक बाळाच्या पोटात जातात आणि ते तयार करायला आणखी शंभरेक लागतात. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पहिले सहा महिने बाळंतिणीला रोज 600 उष्मांक जादा सांगितलेत. म्हणजे नाचणीच्या तीन भाकऱ्या जास्त! त्या मिळाल्या नाहीत तर शरीर अंगावरची चरबी वापरतं. आफ्रिकेत गांबियातल्या केनेबा गावात संशोधकांना हेच दिसलं. पावसाळ्यात कोठार रिकामं आणि शेतात काम फार. आयांचं वजन उतरायचं, दूध थोडं घटायचं पण येत राहायचं. जादा खाऊ घातल्यावर दूध काही वाढलं नाही, पण आयांच्या अंगावर थोडं मांस चढलं.

तुमच्याच तालुक्यात जांबोटीकडे एका बांधावर मी पाहिलं होतं : इरलं पाठीवर, पाय चिखलात, बाळ छातीशी, आणि सकाळपासून पोटात फक्त कोरा चहा. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा काकू, सून सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल तर आजपासून तिला पहिलं वाढा. शेतात निघायच्या आधी नाचणीची आंबील, डब्यात भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि मूठभर भाजके शेंगदाणे-गूळ द्या. कर्नाटकात 2017 पासून मातृपूर्ण योजनेत बाळंतिणीला अंगणवाडीत दुपारी गरम जेवण मिळतं. तिचं नाव नोंदवलं नसेल तर तुम्ही स्वतः जाऊन नोंदवा. लंगोट कमी भिजू लागले किंवा बाळाचं वजन थांबलं, तर मात्र त्याच दिवशी दोघांना सरकारी दवाखान्यात न्या.