‘रेस’, ‘एथ्निसिटी’ आणि आपला ‘वंश’

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलीने अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अर्ज भरला, त्यात ‘रेस’ आणि ‘एथ्निसिटी’ असे दोन वेगळे प्रश्न होते. शब्दकोश उघडला तर दोन्हींपुढे ‘वंश’, ‘वांशिक’ एवढंच. मग फरक काय? आणि पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या मराठी माणसाने एथ्निसिटी काय सांगायची?

अर्जाचं आधी सांगून टाकतो. रेसपुढे ‘एशियन’. एथ्निसिटीच्या नावाखाली तिथल्या सरकारी पद्धतीत एकच गोष्ट विचारतात: तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकेतल्या देशांचे, आहात का? उत्तर ‘नाही’. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने हे दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा पुढचे अर्ज वेगळे दिसतील. पण या रकान्यावरून एथ्निसिटीचा अर्थ लावायला जाऊ नका. शब्दाचा आवाका त्याहून खूप मोठा आहे.

आता ‘वंश’. मराठीत हा घराण्याचा शब्द. वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश, यदुवंश. सगळीकडे आईबाप ते लेकरू असा धागा आहे. ‘रेस’ म्हणजे कातडीचा रंग, केस, कवटी पाहून साऱ्या मानवजातीचे पाडलेले चार-पाच ढोबळ गट. त्यात कोणाच्या पणजोबाचं नाव लागत नाही. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द हवा म्हणून ‘वंश’ ताणला गेला, आणि त्या ताणण्यात एक गैरसमजही आत आला: हे गट रक्ताचेच आहेत, निसर्गानेच पाडले आहेत, असं वाटू लागलं.

तसं ते नाहीत. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवून दिलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक कुठल्याही एका समूहाच्या आतच सापडतात. आणि सरकारं हे गट कसे बदलतात ते पाहायचं तर आपलंच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या १९३० आणि १९४०च्या जनगणनेत ‘हिंदू’ ही चक्क एक रेस होती. भारतातून आलेला शीखही त्यातच. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. १९७०च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं आणि १९८०ला ‘एशियन इंडियन’ असा नवा रकाना आला. माणसं तीच, रक्त तेच.

जात म्हणजे रेस का, हा पुढचा प्रश्न ताईंनी विचारलेला नाही, पण बडोद्यात बसून तो टाळणं बरोबर नाही. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मापांवरून जातींचे वंश ठरवता येतात असं मांडलं होतं. याला नेमकं उत्तर दिलं ते बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी. लाहोरच्या परिषदेसाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात ते विचारतात की पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वांशिक नातं ते कोणतं, आणि पंजाबातल्याच ब्राह्मणात आणि चांभारात वांशिक भेद तो कोणता? जात ही एकाच वंशाच्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे, हे त्यांचं म्हणणं.

ते शिकून बडोद्याच्या नोकरीवर परतले ते १९१७ साली. राहायला जागा मिळेना, तेव्हा एका पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव लिहवून, ते राहिले. दिवसामागून दिवस गेले, त्यांच्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळलं नाही. बातमी फुटल्यावर मात्र काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. रेसचा दावा असा असतो की ती दिसते. जात दिसत नाही, म्हणून तर विचारतात. आजही आपल्या शहरात भाड्याची खोली बघायला गेलात की दुसरा-तिसरा प्रश्न आडनावाचा, म्हणजे इथल्या भाषेत ‘अटक’चा असतो. म्हणून ‘जात’ला ‘रेस’ किंवा ‘रेस’ला ‘जात’ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. अन्याय दोन्हीकडे आहे, पण तो चालतो वेगळ्या तऱ्हेने.

आता एथ्निसिटीकडे येतो, म्हणजे ‘आम्ही अमुक लोक’ अशी समूहाची ओळख. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली मांडलेला विचार मला सगळ्यांत पटतो: समूह टिकतो तो त्याच्या आतल्या चालीरीती जशाच्या तशा राहिल्यामुळे नव्हे, तर ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यामधली सीमा राखली गेल्यामुळे. बडोद्याची मराठी मंडळी बघा. गायकवाडांबरोबर आणि नंतरही आलेली ही घरं नवरात्रात गरबा खेळतात, बोलण्यात निम्मे शब्द गुजराती, सकाळच्या नाश्त्याची सेव-उसळ तर आता अख्ख्या शहराची. तरी दांडिया बाजारात कोणालाही विचारा, मराठी कोण हे सांगेल. त्यात देशस्थ आहेत, मराठा आहेत, सीकेपी आहेत, दलित आहेत. जाती अनेक, लोकसमूह एक. गुजराती शेजारी या सगळ्यांना सरसकट ‘मराठा’ म्हणतात आणि आपल्यातले ब्राह्मण ‘आम्ही मराठा नव्हे, मराठी’ अशी दुरुस्ती करतात. शेजाऱ्याचा शब्द एथ्निसिटीचा आहे, आपण तो जातीचा म्हणून ऐकतो.

तेव्हा ताई, तुमची एथ्निसिटी ‘मराठी’, आणि त्याला ‘बडोद्याची’ जोडलंत तरी चुकणार नाही. बोलताना आपण ‘मराठी समाज’, ‘सिंधी समाज’ म्हणतोच, तो ‘समाज’ इथे उत्तम चालतो. लिखाणात ‘लोकसमूह’ वापरा. ‘वंश’ फक्त रेससाठी ठेवा. ‘रेसिझम’साठी ‘वर्णद्वेष’ वापरताना जपून, कारण ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याला चातुर्वर्ण्यही आठवतं. मी ‘वंशद्वेष’ लिहितो.

वर्तमानपत्रांत ‘श्रीलंकेतील वांशिक संघर्ष’ छापून येतं ते मला खटकतं. सिंहली आणि तमिळ यांच्यातला झगडा भाषा, धर्म, नोकऱ्या आणि जमिनीचा होता. ‘जेनोसाइड’साठी वापरल्या जाणाऱ्या ‘वंशसंहार’चंही तेच: त्याविरुद्धच्या १९४८च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक समूहांबरोबर एथ्निक समूहही वेगळे सांगितले आहेत. तिथे ‘समूहसंहार’ म्हटलं तर चारही त्यात येतात.