प्रेसवर बोटं गेलेला ऑपरेटर परत कामावर येतोय, त्याचा कॉन्फिडन्स परत कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की चाकणला व्हेंडर युनिटमध्ये लाईन सुपरवायझर आहात, तुमच्या एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनमध्ये, गेली, तीनेक महिन्यांनी तो फिट सर्टिफिकेट घेऊन सोमवारी जॉईन होतोय आणि मालक म्हणतायत पहिल्याच दिवशी त्याच प्रेसवर उभा करा, विहिरीत ढकललं की पोहायला येतं तशी भीती आपोआप जाईल. तुम्हाला ते पटत नाहीये. मलाही अजिबात पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे मालकांशी बोलताना तुम्हाला उपयोगी पडेल.

मी भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपमध्येच वाढलोय. हेल्पर, ऑपरेटर, मग डाय सेटर, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवणारा, असं करत करत आता प्रॉडक्शन बघतो. बोटं गेलेली माणसं परत कामावर येताना जवळून बघितलीयत. काही टिकली, चांगली टिकली, आज सेटर आहेत. काही चार दिवस आली आणि गाव गाठलं ते परत फिरकलीच नाहीत, लातूर परभणीकडची बरीच पोरं अशी गेली. टिकणाऱ्यांचं मन घट्ट होतं आणि गेलेल्यांचं कच्चं होतं असं काही मला दिसलं नाही. त्यांना परत आल्यावर मशीन कसं मिळालं, काम कुठलं मिळालं आणि माणसं कशी वागली, यावर सगळं ठरलं.

सगळ्यात आधी मशीन. सगळे धरून चालतात की भीती त्याच्या डोक्यात आहे आणि ती आपल्याला काढायचीय. अहो पण मशीन जर त्या दिवशी होतं तसंच असेल तर त्याची भीती रास्तच आहे ना, ती काढायला कशाला जाताय? त्याला आधी शांतपणे बसवून विचारा, त्या दिवशी नक्की काय झालं. प्रेसने डबल स्ट्रोक मारला का, म्हणजे एकदा दाबल्यावर दोनदा खाली आलं का, पायाच्या पॅडलवर काम चाललं होतं का, टू हँड बटनातलं, म्हणजे दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटनांतलं, एक बटन पट्टी लावून दाबून ठेवलेलं होतं का, सेन्सर बायपास होता का. शॉपमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं, जंपर, म्हणजे सेन्सर चुकवायची वायर, कुणी मारला आणि कुणाच्या सांगण्यावरून मारला तेसुद्धा, पण रिपोर्टमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढंच लिहून फाईल बंद होते. आणि तीन महिने घरात बसून त्या माणसालाही वाटायला लागतं की चूक माझीच होती, मीच हात घातला. असं वाटत असलेला माणूस परत मशीनसमोर उभा राहिला की स्वतःच्या हातावरच त्याचा भरवसा नसतो. त्यामुळे तो जे सांगेल ते लिहून घ्या, त्याच्यासमोर लिहा, मालकांपर्यंत पोहोचवा आणि मशीनमध्ये जे बिघडलेलं होतं ते दुरुस्त करा.

तुमच्या प्रेसचा क्लच, म्हणजे फिरत्या चाकाची ताकद प्रेसला जोडणारा भाग, पिनचा असेल तर एक गोष्ट मालकांना स्पष्ट सांगा. पिन क्लचचं प्रेस एकदा सुटलं की पूर्ण फेरी मारूनच थांबतं, मध्ये कुठे थांबत नाही, म्हणून त्याच्यावर नुसता लाईट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की थांबायचा सिग्नल देणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवून काही होत नाही, कर्टनने सिग्नल दिला तरी रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, खाली येणारच. तिथे डायला फिक्स गार्ड पाहिजे, पीस सरकवायला घसरगुंडी नाहीतर चिमटा पाहिजे, थोडक्यात हात आत जायची गरजच पडायला नको. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरच्या, क्लचचं असेल तर टू हँड बटन आणि लाईट कर्टन दोन्ही चालू ठेवा आणि शिफ्ट सुरू होताना रोज टेस्ट करा. ही टेस्ट त्याच्या हातून करून घ्या. लाकडी दांडी कर्टनमधून घालायची, हात नाही, आणि रॅम जागेवर थांबतो का बघायचं. आमच्याकडच्या एकाने पहिल्या दिवशी ती दांडी पुन्हा पुन्हा घातली, वरच्या बाजूने, खालून, कोपऱ्यातून, शेजारचे थांबून बघत होते पण कुणी काही बोललं नाही, आणि त्याचं समाधान झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, साहेब आता बरोबर थांबतंय. मी कितीही वेळा 'घाबरू नकोस' म्हणालो असतो तरी त्याचा एवढा उपयोग झाला नसता.

दुसरं म्हणजे सोमवारी थेट भर शिफ्टमध्ये आणू नका. आमच्या भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, तुमच्याकडे ज्या दिवशी असेल त्या दिवशी, मशीनं बंद असताना, त्याला एक चक्कर मारायला बोलवा. वहिनींना यायचं असेल तर त्यांनाही येऊ द्या, कारण घरी रोज 'परत त्या मशीनवर जाऊ नका' हे वाक्य चालू असतं आणि नवीन गार्ड त्यांनी डोळ्यांनी बघितला तर घरातलं टेन्शन निम्मं होतं. चहा घ्या, मशीन दाखवा, काय बदललं ते दाखवा, बास. त्या दिवशी कामाचं काही बोलू नका.

आवाजाचं लक्षात ठेवा. बोटं गेलेल्या माणसाला मशीन दिसण्यापेक्षा त्याच्या आवाजाचा त्रास जास्त होतो. प्रत्येक स्ट्रोकला डोळे मिटतात, खांदे वर जातात, हात पोटाशी येतो, आणि हे त्याला कळतही नाही. पहिले काही दिवस जागा जरा लांबची द्या, मग हळूहळू जवळ. आधी बाजूला उभं राहून बघणं, मग दुसरा चालवतोय आणि हा पीस तपासतोय, मग मशीन बंद ठेवून डाय साफ करणं, मग सेटरबरोबर इंचिंगवर, म्हणजे मशीन थोडं थोडं सरकवत, आणि मग स्वतः बटन दाबणं. पुढची पायरी कधी ते त्याला ठरवू द्या. एखाद्या दिवशी मागे आला तर 'काल तर केलं होतंस की' असं म्हणायचं नाही. आणि कधीच प्रेसवर जायचं नाही म्हणाला तरी चालेल, प्रेसवर उभं राहिला म्हणजेच तो बरा झाला असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आता काम कुठलं द्यायचं. इथे बहुतेक युनिट गडबड करतात. लाईट वर्क म्हणजे झाडू मारणं, गेटवर बसणं, साहेबांचा चहा आणणं. दहा वर्षं मशीन चालवलेल्या ऑपरेटरला हे दिलं की तो मनातून खचतो, तोंडाने काही बोलत नाही पण पंधरा दिवसांत राजीनामा देतो. नाहीतर मग डिबरिंगला, म्हणजे पीसच्या कडेची बर (धारदार कंगोरा) घासून काढायला, बसवतात, बसून काम आहे, हलकं आहे म्हणून. पण तुटलेल्या बोटाचं टोक फार नाजूक झालेलं असतं, त्याला शीटची बर लागली की करंट लागल्यासारखं होतं, ग्राइंडरच्या थरथरीने हात रात्रभर ठणकतो, थंडीत तर विचारूच नका. त्याला नक्की काय झेपतं ते त्यालाच विचारा आणि करून बघायला सांगा. फायनल इन्स्पेक्शन, गेजवर चेकिंग, फर्स्ट पीस अप्रूव्हल, सेटरच्या हाताखाली, प्रोसेस कार्ड भरणं, यातलं काहीतरी बसेल. जुना ऑपरेटर नुसत्या आवाजावरून सांगतो की पंच, म्हणजे डायमधला पत्रा कापणारा भाग, बोथट झालाय, बर यायला लागलीय, डाय उतरवा. ते ज्ञान बोटांबरोबर गेलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर त्याला विचारा, बघ रे, हा डाय अजून चालेल का, आणि तो म्हणाला उतरवा तर खरंच उतरवा.

बारीक बारीक गोष्टी असतात त्या आधीच बघून ठेवा. हँडग्लोव्हजची रिकामी बोटं लोंबतात आणि कशात तरी अडकतात, ती आतून शिवून घ्या, आणि ड्रिलसारख्या फिरत्या मशीनजवळ ग्लोव्हज नकोतच. वर्नियर, पेन, स्पॅनर आता अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरायचं असतं, ते बसायला वेळ लागतो, त्यामुळे दोनेक महिने तरी त्याच्या नावापुढे टार्गेट लिहू नका. डॉक्टर व्यायाम देतातच, त्यातला टोकाचा नाजूकपणा कमी करायचा व्यायाम, म्हणजे आधी कापूस, मग जाडंभरडं कापड, मग तांदळाच्या किंवा डाळीच्या डब्यात हात घालून फिरवणं, हा तो घरी करतोय का तेवढं विचारा, दुखतं म्हणून बरेच जण सोडून देतात. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, तिथे हाताच्या थेरपीचं काम चांगलं होतं, लागलं तर पाठवा.

कॅन्टीनकडेही लक्ष असू द्या. एक ऑपरेटर परत आल्यावर जेवायच्या सुट्टीत दिसायचाच नाही, सगळे जेवून उठले की हा कोपऱ्यात डबा उघडायचा. कारण भाकरी मोडता येत नव्हती. उजव्या हाताने मोडायला गेला की तुकडा निसटायचा, आणि डाव्या हाताने सगळ्यांसमोर जेवायची लाज वाटायची. त्याच्या शेजारच्या मशीनवाल्याने, कुणी सांगितलेलं नसताना, एक दिवस त्याच्यासाठी थांबून आपला डबा त्याच्याबरोबर उघडला आणि स्वतः भाकरी भाजीत कुस्करून चमच्याने खायला लागला. पुढच्या आठवड्यात दोघं सगळ्यांच्या टेबलावर होते. तुमच्या लाईनवर असा एक माणूस नक्की असेल, त्याला आधी सांगून ठेवा. बाकीच्यांना एवढंच सांगा की 'दाखव रे हात' असं करायचं नाही आणि अपघात कसा झाला ते रोज उकरून काढायचं नाही.

आणि 4 मार्च आला, राष्ट्रीय सुरक्षा दिन, की सेफ्टीवाल्यांना लगेच आठवतं की आपल्याकडे बोटं गेलेला माणूस आहे, त्याला स्टेजवर उभं करू, बाकीचे शिकतील. त्याने स्वतः होऊन मागितलं तरच. कारण स्टेजवर त्याच्याकडून वदवून काय घेतात तर 'मी काळजी घेतली नाही', आणि सगळं केलेलं परत पाण्यात जातं.

पैशांचं बोलतो, कारण कॉन्फिडन्सचा अर्धा प्रश्न तिथेच असतो. प्रेसवर होता तेव्हा ओटी (ओव्हरटाईम) मिळायचा, आता हलक्या कामावर ओटी नाही, रूमचं भाडं तेच, गावाला पाठवायचे पैसे तेच. मग तो दहाव्या दिवशी म्हणतो साहेब मला प्रेसवर घ्या, आणि मालकांना वाटतं बघा, भीती गेली. तेव्हा विचारा, पैशासाठी म्हणतोयस का? ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल, म्हणजे महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल, तर रजेच्या काळात सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळायला हवे होते, ते मिळाले का बघा. त्यानंतर कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा असतो, मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं, एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या शेड्युलमध्ये 20 टक्के आहे, त्या हिशोबाने दरमहा पैसे येतात. बऱ्याच जणांना वाटतं की कामावर परत गेलो तर हे बंद होईल, म्हणून ते बोर्डापर्यंत जॉईनच होत नाहीत. तसं नाहीये. पगार चालू असला तरी हा लाभ चालूच राहतो. ईएसआय लागू नसेल तर मालकाला भरपाई द्यावी लागते, आधी ती 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने होती, नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने आहे. त्याच्याबरोबर ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला तुम्ही स्वतः जा किंवा एचआरवाल्याला पाठवा, फॉर्म भरून द्या. कंपनी माझ्या बाजूने आहे हे त्याला अशा कामातून कळतं.

मनाचंही सांगतो. सुरुवातीला झोप न लागणं, स्वप्नात मशीन येणं, नसलेलं बोट खाजवणं हे होतं, नसलेल्या बोटात दुखणं तर डॉक्टरही सांगतात, त्याला वेड लागलेलं नाही हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे. पण महिना उलटून गेला तरी झोप नाही, दारू वाढली, घरी कुणाशी बोलत नाही, मरणाच्या गोष्टी काढतो, असं दिसलं तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं, आणि तोपर्यंत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

तुमचा प्रश्न अपघाताचा आहे, पण आजारातून उठून आलेल्यांचंही बरंचसं असंच असतं. टीबीचा पेशंट औषधं नीट घेत असेल आणि डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलं असेल तरी लोक त्याच्या शेजारी बसत नाहीत, त्याची बाटली वेगळी ठेवतात. अशा वेळी सुपरवायझरने त्याच्याशेजारी बसून चहा घेतला तर बाकीच्यांना वेगळं सांगावं लागत नाही. टीबीसाठी ईएसआयमध्ये वाढीव आजारपणाचा लाभ आहे, सरासरी पगाराच्या 80 टक्के, तोही बऱ्याच जणांना माहीत नसतो.

मालकांशी बोलताना माणुसकीबरोबर हिशोबाचंही बोला. घाबरलेला माणूस प्रेसवर उभा केला तर त्याचं लक्ष पीसवर नसतं, हात ऐन वेळी दचकतो, आणि दुसरा अपघात तिथेच होतो. महिना दोन महिने त्याला इन्स्पेक्शनला ठेवायचा खर्च त्यापुढे काहीच नाही. आणि शेडमधले बाकीचे सगळे बघत असतात की याचं काय केलं, उद्या आपलं असं झालं तर आपलं काय करतील.

तुमचं प्रेस किती टनाचं, क्लच कुठला आणि पीस हाताने घालता की फीडरने, एवढं कळवा. गार्ड कसा बसवायचा ते मी काढून पाठवतो, सोमवारच्या आत होण्यासारखं काम आहे.