नावडतीचं मीठ अळणीच?

प्रश्न : अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लोकांच्या मनातून उतरलेला असेल, पण बेकारी कमी आणि बाजारात तेजी असेल, तर तो पुन्हा निवडून येतो का? आमच्या घरात यावरून रोज जुंपते. मुलगा म्हणतो, पैसा बोलतो. मी म्हणतो, माणूस.

उत्तर : आधी मुलाला एवढंच विचारा, की तो अध्यक्ष लोकांना नकोसा का झालाय? मूळ दुखणं पैशाचं असेल, तर पैसा ते बरं करतो. दुखणं दुसरंच असेल, तर कितीही भरभराट येऊ दे, नावडतीचं मीठ अळणी ते अळणीच.

पहिल्या प्रकारातलं मी घरात राहून पाहिलंय. १९८२ साली मी ओहायोतल्या टोलेडोत शिकत होतो. आमचे घरमालक मोटारीच्या कारखान्यात फिटर. त्यांना ले-ऑफ मिळाला होता. त्या डिसेंबरात देशातली बेकारी १०.८ टक्के होती. रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर गॅसचं बिल पसरून बसायचे. हीटर इतका कमी ठेवलेला, की घरातही आम्ही कोट घालून वावरायचो. टीव्हीवर तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष रेगन दिसले रे दिसले की आवाज बंद! युनियनचे जुने सभासद, त्यात घराणंच डेमोक्रॅट. जानेवारी १९८३ मध्ये गॅलप या संस्थेनं घेतलेल्या लोकमत पाहणीत रेगन यांच्या कामावर समाधानी असलेले लोक जेमतेम ३५ टक्के निघाले, आणि आमच्या घरात तर शून्य.

पुढे कारखान्यानं त्यांना परत बोलावलं. पहाटे ओट्यावर त्यांचा पत्र्याचा डबा पुन्हा दिसू लागला. १९८४ च्या नोव्हेंबरात मत कुणाला दिलं म्हणून मी विचारलं, तर त्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला." रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. गंमत अशी, की तेव्हाही बेकारी ७ टक्क्यांच्या वरच होती. पण ती १०.८ वरून खाली आली होती, आणि लोकांना तेवढं पुरलं.

आता दुसरा प्रकार. १९६८ मध्ये बेकारी ४ टक्क्यांच्याही आत होती. आकडेच निवडून आणत असते, तर तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हरवणं अवघड होतं. पण व्हिएतनाममधून शवपेट्या येत होत्या. ३१ मार्चच्या रात्री टीव्हीवरून त्यांनी आपण उभे राहणार नसल्याचं सांगून टाकलं. त्यांच्या जागी उपाध्यक्ष हम्फ्री लढले आणि निक्सन यांच्याकडून थोडक्यात हरले. निक्सन यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या फोर्ड यांचंही तसंच म्हणता येईल. १९७६ पर्यंत मंदी सरली होती, महागाईही उतरली होती, पण वॉटरगेट प्रकरणात राजीनामा द्यावा लागलेल्या निक्सन यांना दिलेली माफी त्यांना भोवली आणि ते हरले.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात. मी जरा जपूनच देतो. २०२० च्या सुरुवातीला बेकारी ३.५ टक्के, म्हणजे पन्नास वर्षांतली नीचांकी. तरीही गॅलपच्या पाहणीत त्या चार वर्षांत ते ४९ टक्क्यांच्या वर एकदाही गेले नाहीत. २०१८ मध्ये चांगल्या दिवसांतही त्यांच्या पक्षानं प्रतिनिधिगृहातल्या ४० जागा घालवल्या होत्या. पण मग कोविड आला आणि परीक्षेचा पेपरच बदलला.

प्रश्न : मग मतदाराला तेजी कळते तरी कधी?

उत्तर : उशिरा. थोरल्या बुश यांना विचारायला हवं होतं! आखाती युद्धानंतर ८९ टक्के लोक त्यांच्यावर खूश होते. मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, पण नोकऱ्या परत यायला तयार नव्हत्या. मंदी नेमकी कधी संपली हे ठरवणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं तसं जाहीर केलं डिसेंबर १९९२ मध्ये. तोवर क्लिंटन निवडून येऊन महिना उलटला होता.

आणि महागाईचं गणित तर आणखीनच वाकडं. बायडेन यांच्या काळात जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, पुढे तो तीनच्या आसपास आला. सरकार म्हणत राहिलं, दर उतरला. दर उतरला म्हणजे भाव फक्त सावकाश वाढू लागले. चढलेले भाव चढलेलेच राहिले. किराणा आणताना माणसाला चार वर्षांपूर्वीचं बिल आठवतं, आणि ते सरकारी तक्त्यात कुठे दिसत नाही.

त्यातून अलीकडे एक नवाच प्रकार. मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत लोकांना अर्थव्यवस्था कशी वाटते ते विचारतात. व्हाइट हाउसमधला पक्ष बदलला की रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांची उत्तरं काही आठवड्यांत उलटीपालटी होतात. खिसा तोच, पण चष्मा बदललेला.

राज्यशास्त्रज्ञ ॲलन अब्रामोविट्झ यांचं निवडणुकीच्या अंदाजाचं एक जुनं सूत्र आहे. त्यात निवडणुकीच्या वर्षातल्या दुसऱ्या तिमाहीची आर्थिक वाढ धरतात, अध्यक्षाबद्दलचं जूनमधलं लोकमत धरतात, आणि त्याचा पक्ष सत्तेवर किती काळ आहे हेही पाहतात. पहिलं मुलाचं, दुसरं तुमचं. तिसऱ्यावरून अजून घरात भांडण झालेलं दिसत नाही.